घोडबंदर रोडवरच्या रात्रपाळीला क्लास २ की क्लास ३?

प्रश्न कामगारांच्या लांबून दिसणाऱ्या (हाय-व्हिज) जॅकेटचा आहे. अशा कपड्यांच्या ईएन आयएसओ २०४७१ या मानकात क्लास २ ला किमान ०.५० चौरस मीटर फ्लुरोसंट कापड आणि ०.१३ चौरस मीटर गाडीच्या दिव्यात चमकणारी पट्टी लागते. क्लास ३ ला हेच आकडे ०.८० आणि ०.२० आहेत. पट्टीची रुंदी दोन्हीत किमान ५० मिमी.

खरा फरक हातापायांवर दिसतो. बिनबाह्यांचं जॅकेट कितीही मोठं असलं तरी क्लास ३ होत नाही. क्लास ३ ला पट्ट्यांच्या पूर्ण बाह्या किंवा पट्ट्यांची पूर्ण लांबीची पँट हवीच. हलणाऱ्या हातावरची पट्टी दिसली की ड्रायव्हरला लांबूनच कळतं, हा खांब नाही, माणूस आहे. म्हणून ट्रेलरच्या वाटेत रात्री खड्डे बुजवणाऱ्यांना आम्ही क्लास ३ च देऊ.

मे महिन्यात मात्र गडी घामाने बाह्या दुमडतात आणि पट्टी आत जाते. अशा वेळी क्लास २ जॅकेट आणि पट्ट्यांची पँट बरी, पण ती जोडी एकत्रच क्लास ३ म्हणून प्रमाणित असावी.

महापे एमआयडीसीतल्या गोदामात, दिवसा, सावकाश फिरणाऱ्या फोर्कलिफ्टजवळ क्लास २ चालतं.

फ्लुरोसंट रंगाचं काम दिवसाचं. अंधारात फक्त पट्टी उपयोगी, आणि तिची चमक धुण्यांनी कमी होत जाते. त्यामुळे धुण्याआधी लेबलवरची धुण्यांची मर्यादा बघा. चेन उघडी ठेवलेलं जॅकेट कोणत्याच क्लासचं राहत नाही.