लिस्बनमधलं बावीस खोल्यांचं हॉटेल आणि गायब झालेली किटली

गोव्यात मांद्रेला आमच्या घराच्या पाच खोल्या आम्ही गेली एकोणीस वर्षं पाहुण्यांना देतो. त्यामुळे दुसऱ्याच्या हॉटेलात पाऊल टाकलं की मी आधी गादीची कड उचलून चादर कशी खोचलीय ते बघते. ही खोड आता जायची नाही.

नोव्हेंबरात भाच्याच्या मुलीचं बारसं होतं. भाचा लिस्बनजवळ आमादोराला दोन खोल्यांत राहतो, त्यात त्याच्या सासूबाई आलेल्या, म्हणून आम्हा दोघांना चार रात्री हॉटेल घ्यावं लागलं. हॉटेल लिस्बनच्या इंतेंदेंत मेट्रो स्टेशनपासून तीन मिनिटांवर आहे. नाव लिहीत नाही, कारण पुढे तक्रारी आहेत आणि माझ्या गेस्टहाऊसचं नाव घेऊन कोणी असं लिहिलेलं मलाही आवडणार नाही.

आधी दराची गंमत. बारशाची पहिली तारीख नेमकी वेब समिटच्या, म्हणजे लिस्बनमधल्या मोठ्या तंत्रज्ञान परिषदेच्या, आठवड्यात आली होती. तेव्हा हीच खोली १९० युरो दाखवत होती, पुढच्या आठवड्यात ८४. भाचा म्हणाला, "मावशी, बारसं आठवडाभर पुढे ढकलूया. बाळाला काय कळतंय!" ढकललं. चार रात्रींचे ३३६ युरो झाले. काउंटरवर शहराचा पर्यटक कर वेगळा भरला, माणशी रात्रीला ४ युरो म्हणजे आमचे ३२. सप्टेंबर २०२४ पर्यंत हा कर २ युरो होता, तेव्हापासून दुप्पट. युरो शंभरी ओलांडून बसलाय, त्यामुळे सगळं धरून अडतीस हजारांच्या आसपास गेले. यात नाश्ता नाही. तो हवा असेल तर माणशी १२ युरो.

चादर मात्र मानली. जाड सुती, कडक इस्त्रीची, चारही कोपरे नीट खोचलेले. न्हाणीघरात काळी बुरशी शोधून सापडली नाही. लिफ्ट एवढीशी की आधी बॅगा वर पाठवल्या आणि मागून आम्ही गेलो. हीटर संध्याकाळी सात ते अकरा चालायचा, नंतर आपलं पांघरूण आणि आपण. दारावर पाटी होती की पर्यावरणासाठी खोली रोज झाडत नाही, हवं असल्यास सांगा. पर्यावरण वगैरे ठीक आहे हो, पण बावीस खोल्यांना एकच बाई होती हे मी पहिल्याच सकाळी पाहिलं. टेबलावर किटलीच्या बुडाचा गोल डाग होता. किटली नव्हती.

हे कोडं रात्रपाळीच्या मुलाने सोडवलं. तो नेपाळी, चितवनचा, आणि इकडे गोव्यात बागा किनाऱ्यावर दोन सीझन काढून गेलेला! हिंदीत गप्पा झाल्या. म्हणाला, जर्मन पाहुणे पूर्वी पाच रात्री घ्यायचे, आता तीन घेतात, तेही दोन दिवस आधी मोबाइलवर. आमच्या मजल्यावरच्या निम्म्या खोल्या रिकाम्या होत्या. मग दर का नाही उतरवत, मी विचारलं. म्हणाला, मालकाचं म्हणणं खोली रिकामी पडली तरी चालेल, पण एकदा खाली आलेला दर वर चढवायला दोन वर्षं लागतात. मग दराला हात न लावता आतली एकेक वस्तू काढली. आधी नाश्ता, मग रोजची सफाई, मग किटल्या.

मालकाचं पहिलं म्हणणं मला पटतं. २०१४ ला रशियाचा रुबल कोसळला तेव्हा रशियन पाहुणे तुटतील म्हणून घाबरून मी खोलीचे तीनशे रुपये कमी केले होते, ते परत मिळवता मिळवता नाकी नऊ आले. पण किटली? तिची वीज ती किती! पाहुणा सकाळी थंडीत चहासाठी रस्त्यावर उतरतो तेव्हा प्रत्येक पायरीला हॉटेलच्या नावाने बोटं मोडतो. आमच्या ह्यांनी मोडली, मी ऐकली.

भाचा म्हणतो युरोपात मंदी आहे. जर्मनीची अर्थव्यवस्था २०२३ आणि २०२४ अशी लागोपाठ दोन वर्षं आकसली, हे खरंच. पण त्याच २०२४ मध्ये स्पेनला जवळजवळ ९ कोटी ४० लाख विदेशी पाहुणे गेले, तोवरचा विक्रम. मला यात कोडं वाटत नाही. आमच्याकडे जर्मनीतल्या स्टुटगार्टकडचं एक जोडपं दरवर्षी येतं. आधी एकवीस रात्री राहायचे, गेल्या वर्षी सोळा, यंदा बारा. खोली तीच, समुद्राकडच्या व्हरांड्याची, आणि दर कमी करा असं एकदाही म्हणाले नाहीत. सुट्टी कोणी सोडत नाही, दोन्ही टोकांनी कापतात. म्हणून मला वाटतं, युरोपातली हॉटेलं पुढची एक-दोन वर्षं ओस पडणार नाहीत आणि स्वस्तही होणार नाहीत. कर वाढवताना तिकडची सरकारंही हात आखडत नाहीत. नेदरलँड्सने जानेवारी २०२६ पासून हॉटेलच्या खोलीवरचा कर ९ वरून २१ टक्क्यांवर नेला. आपल्याकडे उलट, सप्टेंबर २०२५ मध्ये साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला.

नाश्ता आम्ही कोपऱ्यावरच्या बेकरीत केला. "पाव" म्हटलं आणि काउंटरवरच्या म्हाताऱ्याने काही न विचारता गरम पाव कापून लोणी लावून दिला. दोघांचा कॉफीसकट साडेपाच युरोत नाश्ता. चव आमच्या पोदेराच्या, म्हणजे गोव्यातल्या पाववाल्याच्या, उंड्याजवळ (गोल पावाजवळ) जाते, पण कवच पातळ आहे.

चादरीला आणि रात्रपाळीच्या मुलाला पाचपैकी पाच, बाकी हॉटेलला ओढूनताणून तीन. जाणार असाल तर मागच्या चौकाकडची खोली मागा, पुढे पहाटे कचऱ्याची गाडी येते. किटली घरून न्या आणि दोन गोल पिनांचा अ‍ॅडॅप्टर विसरू नका. आम्ही विसरलो होतो. भाच्याने दिला, तो अजून माझ्याच पर्समध्ये आहे.