राजारामपुरीतल्या पेटंट एजंटाला चार स्टार, पाचवा का नाही तेही लिहिलंय

तुझ्या पाण्यानं गार होणाऱ्या मोटरीच्या पेटंटचं काम कुणाकडं दिलं होतंस, हा प्रश्न कोल्हापूरच्या उद्यमनगरात मला इतक्या जणांनी विचारलाय की आता एकदाच सविस्तर लिहून टाकते. एजंटाचं नाव इथं देत नाही, कारण खाली थोडी तक्रारही आहे आणि माणूस भला आहे. ज्याला खरंच काम करून घ्यायचंय त्यानं दुकानावर यावं, चहा पाजून पत्ता देते.

आमचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान वडिलांच्या वेळेपासूनचं. पूर्वी शेतीपंप, पिठाची गिरणी, फाउंड्रीतले ब्लोअर एवढंच यायचं. आता ई-लोडरच्या, म्हणजे बॅटरीवरच्या मालवाहू गाड्यांच्या मोटरी येतात आणि बहुतेक एकाच जागी जळून येतात. ओव्हरहँगला, म्हणजे स्टेटरच्या (मोटरीच्या न फिरणाऱ्या भागाच्या) खाचांबाहेर तांब्याचा जो गुंडा उरतो तिथं. जोतिबाचा नाहीतर पन्हाळ्याचा चढ, हौद्यात माल ठासून भरलेला, वेग बैलगाडीचा. टॉर्क लागतो म्हणून करंट वाढतो, आणि करंट दुप्पट झाला की तांब्यातली उष्णता चौपट. शाफ्टवरचा पंखा मोटरीच्याच वेगानं फिरणार, त्यामुळं वारा सगळ्यात जास्त हवा तेव्हाच सगळ्यात कमी मिळतो. वर तांबं १०० अंशांनी तापलं की त्याचा रोध आणखी सुमारे ३९ टक्क्यांनी वाढतो. एफ क्लासचं इन्सुलेशन १५५ अंशांपर्यंतचं. घाटात ते किती टिकणार?

पाण्यानं गार होणारी मोटर ही काही माझी कल्पना नव्हे. मोठ्या इलेक्ट्रिक गाड्यांत बॉडीतच सर्पिल मार्ग ठेवून त्यातून पाणी आणि ग्लायकॉलचं मिश्रण फिरवतात. काही जण तेल थेट वाइंडिंगवर उडवतात. टेस्लानं तर रोटरचा शाफ्ट पोकळ करून त्यातून द्रव खेळवला आणि त्याचं अमेरिकन पेटंट २००९ सालीच घेतलं. पण साध्या जॅकेटमधलं, म्हणजे बॉडीतल्या त्या मार्गातलं, पाणी स्टेटरच्या पत्र्यांना गार करतं, ओव्हरहँग बिचारा हवेतच राहतो. मी ओव्हरहँगवर रेझिन ओतून त्याचा निमुळता शंकू केला आणि त्यावर ॲल्युमिनियमची रिंग बसवली. रिंगेला आतून तोच उतार, बाहेरून पाणी, दोन ओ-रिंगा पाणी अडवायला. रिंग बोल्टनं गच्च आवळलेली नाही, स्प्रिंग वॉशरच्या जोरावर शंकूवर दाबून बसते. बॉडी शिरोलीच्या एका फाउंड्रीनं कोअर घालून ओतून दिली. असलं काम आपल्याकडं होतं म्हणूनच हे सुचलं, हे मान्य करायला हवं.

आधी बोलणं झालं होतं ते बाहेरगावच्या एका सल्लागार कंपनीशी. फोनवरच सगळं. "मॅडम, फोटो पाठवा, आठ दिवसांत नंबर हातात." फोटो बघून त्यांनी डिझाइन रजिस्ट्रेशन सुचवलं. ते स्वस्त असतं हे खरं, पण २००० सालच्या डिझाइन कायद्यात फक्त वस्तूचं रूप राखलं जातं, आधी १० वर्षं आणि पुढं ५. उद्या कुणी बॉडीचा आकार बदलून आत माझीच रिंग घातली तर मी काय करणार, बॉडीवरच्या फिन मोजत बसू? रिंग आत काय काम करते हे त्या फोनवर कुणी विचारलंच नाही. तिथंच नाद सोडला.

राजारामपुरीतला हा पोरगा पहिल्याच भेटीत म्हणाला, "ऑफिसात नको ताई, मी दुकानावर येतो." नोंदणी क्रमांक न विचारता सांगितला आणि पेटंट ऑफिसच्या साइटवरच्या एजंटांच्या यादीत ताडून बघा म्हणाला. बघितला, आहे. विज्ञान किंवा इंजिनिअरिंगची पदवी आणि वर सरकारी परीक्षा पास झाल्याशिवाय सहसा त्या यादीत नाव लागत नाही. "पेटंट करून देतो" म्हणणाऱ्या प्रत्येकाचं तिथं असतंच असं नाही.

दुकानात आला आणि वाइंडिंगच्या टेबलाशी स्टूल ओढून बसला. पहिलाच प्रश्न, "बोअरच्या मोटरीत तर पाणी वाइंडिंगलाच लागून असतं. मग तुमच्यात नवं काय?" आमचे वाइंडर मामा तापलेच. "त्या वायरीला प्लास्टिकचं कव्हर असतंय. हितं इनॅमलची तार हाय. घाला पाण्यात, मग बघा." त्यानं शांतपणे ते लिहून घेतलं.

मग रिंग हातात घेऊन म्हणाला, "सरळ का नाही ठेवली?" मी सांगितलं. चढावर रेझिन आणि तांबं तापून फुगतं, रिंग पाण्यामुळं गारच राहते. सरळ रिंग असेल तर रेझिनवर ताण येऊन तडा जातो, आणि निवल्यावर फट पडते. फट म्हणजे हवा, आणि हवा म्हणजे उष्णतेला कुलूप. निमुळती रिंग शंकू फुगला की वॉशर दाबत मागं सरकते, निवला की पुन्हा पुढं येते. "उतार किती?" इथं मी अडले. फार कमी उतार ठेवला तर लेथच्या टेपरसारखी रिंग जाम बसते, फार जास्त ठेवला तर दाब पुरत नाही. तो आकडा सापडेपर्यंत किती रेझिन वाया घालवलंय ते माझं मला माहीत. म्हटलं, आकडा नाही देणार. त्यानं बॅगेतून कायद्याचं पुस्तक काढून कलम १०(४) दाखवलं. शोध कसा करायचा हे पूर्ण आणि तुम्हाला ठाऊक असलेल्या उत्तम पद्धतीसह लिहिलंच पाहिजे. सरकार २० वर्षांचा हक्क देतं ते त्या बदल्यातच. गुपित ठेवायचं असेल तर पेटंटला जाऊ नका, म्हणाला. रात्रभर विचार करून आकडा दिला.

खरी गंमत पुढं. "ही जळाली तर?" असं त्यानं मामांना विचारलं. मामांना वाटलं पोरगं वेळ घालवतंय. पण एक जळका स्टेटर उचलला, छिन्नी लावली आणि दोन-चार घावांत ओव्हरहँग रेझिनसकट कापून टेबलावर टाकला. रिंग बाजूला निघालेली, ओरखडासुद्धा नाही. आम्ही रिंगच साचा म्हणून वापरतो आणि रेझिन ओतायच्या आधी तिला आतून रिलीजचा, म्हणजे रेझिन चिकटू न देणाऱ्या लेपाचा, हात मारतो, म्हणून ती चिकटत नाही. मामांच्या दृष्टीनं ही सांगायची गोष्टसुद्धा नव्हती. एजंटानं मात्र त्यावर अर्धं पान खरडलं आणि रिलीजच्या थराचा फोटोही काढला.

अर्ज पूर्ण स्पेसिफिकेशनसहच (म्हणजे शोधाच्या सगळ्या लेखी वर्णनासह) केला, प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरता, नाही. प्रोव्हिजनल केलं की १२ महिन्यांच्या आत पूर्ण स्पेसिफिकेशन द्यावं लागतं, आणि आमची मोटर तयारच होती. महाराष्ट्र मुंबई कार्यालयाच्या हद्दीत येतो, ते अँटॉप हिलला. पण सगळं ऑनलाइन, महालक्ष्मी एक्स्प्रेसचं तिकीट काढायची गरज पडली नाही. स्पेसिफिकेशन इंग्रजीत किंवा हिंदीतच चालतं, मराठीत नाही. म्हणून एजंटानं इंग्रजी मसुदा एक संध्याकाळ बसून मामांना मराठीत समजावला, आणि मामांनी त्यात ओ-रिंगेची जागा दुरुस्त केली.

सरकारी फी ऐकून लोकांना खोटं वाटतं. व्यक्तीच्या नावानं ई-फायलिंग १६००. पहिले १० क्लेम (शोधातलं नेमकं काय आपल्या हक्काचं ते सांगणारी कलमं) त्यातच, पुढच्या प्रत्येक क्लेमला ३२०. आमचे १४ होते म्हणून १२८०. एरवी अर्ज १८ महिन्यांनी प्रसिद्ध होतो, लवकर हवा तर फॉर्म ९ चे २५००. तपासणी वेगानं हवी तर फॉर्म १८ए चे ८०००. हा फॉर्म कुणालाही भरता येत नाही, पण अर्जदार व्यक्ती असतील आणि त्यांत एक जरी बाई असेल तर चालतो. हे मला त्यानंच सांगितलं. एकूण १३,३८०. त्याची स्वतःची फी याच्या कैक पट होती. तीही योग्य वाटली, कारण का ते पुढं येतंच.

अर्ज दाखल होईपर्यंत व्हिडिओ टाकायचा नाही, प्रदर्शनात मांडायचं नाही, अशी सक्त ताकीद होती, कारण आधी उघड झालेली गोष्ट नवी राहत नाही. भाचा रील करायला टपून बसला होता, त्याला आवरलं. (पेटंट म्हटलं की कोल्हापुरात लोक पायाकडं बघतात, म्हणून सांगते. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली मिळालं ते जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन. ते एका भागातल्या सगळ्या कारागिरांचं असतं, कुणा एकाचं नाही.)

आता तपासणी. पहिला तपासणी अहवाल, म्हणजे एफईआर, आला तेव्हा घरात सुतक पडल्यासारखं वातावरण झालं. पहिल्याच तक्त्यात माझ्या क्लेमपुढं "नाही, नाही" असं ओळीनं लिहिलेलं. एजंट हसला. म्हणाला, एफईआर म्हणजे नकार नव्हे, आता बोलणी सुरू झाली. अहवाल शांतपणे वाचला तेव्हा परीक्षकाला मोटर कळते हे मान्य करावंच लागलं. त्यानं दोन जुनी परदेशी पेटंट काढली होती. डी१ मध्ये बॉडीत सर्पिल जॅकेट, डी२ मध्ये ओव्हरहँग रेझिननं थेट बॉडीला जोडलेला. दोन्ही एकत्र केली की जाणकाराला तुमची मोटर सहज सुचेल, म्हणजे इन्व्हेंटिव्ह स्टेप नाही. शिवाय कलम ३(एफ): माहीत असलेल्या, आपापलं काम स्वतंत्रपणे करणाऱ्या वस्तूंची नुसती जुळणी. "पुरेसा दाब" हा शब्द मोघम. क्लेममध्ये चित्रातले क्रमांक कंसात हवेत. जुन्या पेटंटांचा शोधही नेमका मोटरीच्या कूलिंगच्या आणि बॉडीतल्या मार्गांच्या वर्गातच घेतला होता. माझ्या डिझाइनकडं इतक्या बारकाईनं आजवर कुठल्या गिऱ्हाइकानं बघितलं नव्हतं.

उत्तराला ६ महिने मिळतात. इथं त्या अर्ध्या पानानं काम केलं. कलम ५९ प्रमाणं दुरुस्तीच्या नावाखाली नवीन काही घुसडता येत नाही, पहिल्या दिवशी जे लिहिलंय तेवढ्यातूनच क्लेम आवळता येतो. डी२ मध्ये रेझिन बॉडीला कायमचं चिकटलेलं, वाइंडिंग जळलं की बॉडी भंगारात. आमच्यात सरकणारी रिंग आणि न चिकटणारा थर. आम्ही क्लेम १ मध्ये उतार, स्प्रिंगचा दाब आणि रिलीजचा थर तिन्ही एकत्र घातलं. आधीचा मोकळाढाकळा क्लेम गेला, पण राहिला तो धरण्यासारखा. ३(एफ) ला उत्तर तिथंच होतं. शंकू, रिंग आणि स्प्रिंग स्वतंत्रपणे काम करत नाहीत, एक काढलं की दुसरं निकामी. इन्व्हेंटिव्ह स्टेपची व्याख्या कलम २(१)(जेए) मध्ये आहे. तिच्यात तांत्रिक प्रगतीबरोबर आर्थिक महत्त्व हेही चालतं, जाणकाराला सहज सुचण्याजोगं मात्र नसावं. त्यामुळं मामांची छिन्नी थेट लेखी उत्तरात गेली: बॉडी आणि रिंग न टाकता पुन्हा वाइंडिंग करता येतं.

सुनावणी व्हिडिओवर झाली. कंट्रोलर साहेबांनी नेमकं विचारलं की रिंग सरकते हे मूळ चित्रांत दिसतं का. चित्र ४ मध्ये वॉशर आणि मोकळी जागा दोन्ही दाखवलेली होती. मी रिंग कॅमेऱ्यासमोर धरून शंकूवर सरकवून दाखवली. पुढं १५ दिवसांत लेखी म्हणणं द्यायचं असतं, ते दिलं. पेटंट मिळालं.

आता पाचवा स्टार. एफईआरचं उत्तर त्यानं मुदतीच्या अगदी शेवटच्या आठवड्यात भरलं. मी फोन केला की "मसुदा चालू आहे ताई", एवढंच. मुदत आणखी ३ महिने वाढवता येते, पण तिची फी कुणी भरायची? दुसरं, सुरुवातीच्या कोटेशनमध्ये सुनावणी धरलेली नव्हती, ते बिल नंतर आलं. त्यानं सांगितलं असतं तर मी नाही म्हटलं नसतं. तिसरं, चित्रं बाहेरून काढून घेतो आणि त्यात पाण्याच्या प्रवाहाचा बाण उलटा आला होता, तो मीच पकडला. आमचं पाणी आधी रिंगेभोवती फिरतं, मग जॅकेटात जातं. तेव्हा कॅडमधली चित्रं स्वतःच करून न्या, पैसेही वाचतात.

हे पेटंट भारतापुरतंच आहे, आणि कुणी नक्कल केली तर कोर्टात मलाच जायचंय, सरकार येणार नाही. ते त्यानं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, त्यामुळं तक्रार नाही. तिसऱ्या वर्षापासून रिन्यूअल लागतं, व्यक्तीला सुरुवातीची काही वर्षं ८०० रुपये. त्याची आठवण तो व्हॉट्सॲपवर करतो, पैसे घेत नाही. दर तीन आर्थिक वर्षांनी फॉर्म २७ भरून पेटंट वापरात आहे की नाही ते कळवायचं असतं, त्याचे मात्र घेतो.