दीडशे रुपये किलोचा गूळ : एका जुन्या दिवाणजीचा अभिप्राय

सूनबाईनं राजारामपुरीतल्या एका नव्या सेंद्रिय दुकानातून गूळ आणला. एक किलो, 150 रुपये. कापडी पिशवी, सुतळीनं बांधलेला पुठ्ठा, त्यावर 'रसायनमुक्त, पारंपरिक, थेट शेतातून'. मी कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डात गुळाच्या अडतीवर (दलालीच्या पेढीवर) 31 वर्षं दिवाणजी, म्हणजे हिशेबनीस होतो. आमच्या घरी पिशवीतला गूळ पहिल्यांदाच आला, त्यामुळं अभिप्राय जरा लांबणार.

आधी गुळाचं. चांगला आहे. खडा हातानं फुटला, आतनं रवाळ निघाला. दाताखाली कचकच नाही, मागनं खारट चव येत नाही. चहात दूध फाटलं नाही. पुरणपोळीला वापरला तर पुरण सैल पडलं नाही. रंग गडद तांबूस. मात्र 'काळा तो सेंद्रिय' हे दुकानातली पोरगी जे सांगते, ते खरं नव्हे. उकळत्या रसावरची मळी नीट काढली नाही, काहिलीत (रस आटवायच्या मोठ्या कढईत) रस जास्त जळला, तोडलेला ऊस दोन-तीन दिवस पडून राहिला, तरी गूळ काळाच होतो. तसला माल आम्ही जनावरांच्या खुराकाला जाताना बघितलाय. हा तसला नाही, एवढं नक्की.

पुठ्ठ्याच्या मागं बारीक अक्षरात आणखी एक ओळ आहे : 'भेसळखोरांच्या पिवळ्या गुळापासून सावध राहा.' ही ओळ वाचून माझं डोकं फिरलं.

यार्डातल्या सौद्यात, म्हणजे लिलावात, काय चालायचं ते सांगतो. 30 किलोचे रवे (गुळाच्या ढेपा) ओळीनं मांडलेले. मोठी खरेदी गुजरातची, आणि त्या गिऱ्हाइकाला गूळ पिवळाधमक लागायचा. व्यापारी रव्याचा टवका काढून उजेडात धरायचा आणि दर पुकारायचा. चव घेणारा क्वचितच. एकाच गावचा, एकाच उसाचा माल, पण रंग उतरला की क्विंटलला दोन-चारशे रुपये खाली. शेतकऱ्याची पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशेब, मी लिहायचो, त्यामुळं तो फरक कुणाच्या संसारातनं जातो हे मला आकड्यात दिसायचं. मग शेतकरी काहिलीत हायड्रॉस (रंग उजळवायची गंधकयुक्त पावडर) टाकणार नाही तर काय करणार? ते वाईटच. त्यातनं गुळात उरणाऱ्या सल्फर डायऑक्साइडला कायद्यानं 70 पीपीएमची (दहा लाख भागांत 70 भाग) मर्यादा घातली आहे, पण टवका उजेडात धरून पीपीएम दिसत नाही. पिवळ्याला दर देणारे आम्हीच. आता पैसेवाल्या गिऱ्हाइकाला काळा हवा झाला, आणि भेसळखोर ठरला तो गुऱ्हाळवाला.

हे सगळं मनात घेऊन मी स्वतः दुकानात गेलो. विचारलं, "हा गूळ कुठल्या गावचा?"

"सर, आमच्या पार्टनर फार्मरचा आहे."

"अगं, त्याला गाव असेल की."

तिला माहीत नव्हतं. मालक आतून आले. तिशीतला पोरगा, बोलायला नम्र. शाहूमहाराजांनी 1895 साली शाहूपुरी वसवली ती गुळाच्या पेठेसाठी, आणि 2014 साली कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन मिळालं. मग पिशवीवर गावाचं नाव का नाही, असं मी विचारलं. तो म्हणाला, "काका, गाव लिहिलं की लोक थेट तिकडंच जातात." खरं बोलला. मला आवडलं. खरेदीचा दर विचारला तर तोही लपवला नाही : गुऱ्हाळमालकाला किलोला 80, महिन्याला रोख.

आता हिशेब. 2024-25 च्या हंगामाची उसाची एफआरपी (कारखान्यानं द्यायचा सरकारी किमान दर) साखरेच्या 10.25 टक्के उताऱ्याला टनाला 3,400 रुपये होती. टनाला साधारण 100 ते 110 किलो गूळ धरला, तर किलोमागं 31 ते 34 रुपयांचा नुसता ऊसच झाला. त्यावर जळण, मजुरी, डबे, गाडीभाडं. उसाला निदान कागदावर तरी एफआरपीचा तळ आहे, ती थकली की रस्ते अडतात. गुळाला तसला तळ नाही. यार्डात क्विंटलला चार-साडेचार हजारांना माल गेला तर गुऱ्हाळवाल्याच्या हातात काय उरतं ते तुम्हीच काढा. म्हणजे या दुकानाचे 80 रुपये यार्डापेक्षा बरेच बरे. अडतीवर जन्म गेलेल्या माणसाला हे लिहिताना जड जातं, पण आहे ते आहे.

तरी नातवाच्या गाडीवर बसून ते गुऱ्हाळ बघून आलो. पन्हाळ्याच्या बाजूला आहे, गावाचं नाव मीही लिहीत नाही, पोराला शब्द दिलाय. चुलवाण पेटलेलं, अंगणात दोन बायका चिपाड वाळत घालत होत्या. गुळव्या, म्हणजे गूळ रांधणारा कारागीर, साठीचा. भेंडीचं पाणी घालून मळी वर आली की झाऱ्यानं काढत होता. मग उकळत्या पाकाचा थेंब गार पाण्यात सोडून गोळी बोटानं दाबून बघितली. थर्मामीटर वगैरे काही नाही. माझी ओळख सांगितल्यावर जरा मोकळा झाला.

"ह्यो गूळ काढायचा म्हंजे भेंडी जादा लागती, मळी दोनदा काढावी लागती. उशीर हुतो. काहिलीमागं पैसं मात्र तेवढंच."

"मालकाला सांगितलं नाहीस?"

"सांगून बघितलं. म्हनतोय, दुकानवाला वाढवून दील तवा बघू."

परत येताना दुकानात थांबून त्या पोराला हे सांगितलं. "गुळव्याचा आणि माझा काही संबंध नाही, मी गुऱ्हाळमालकाशी व्यवहार करतो," असं तो म्हणाला. अडतीवर आमचे शेठ हमालांबद्दल अगदी हेच म्हणायचे.

गुळाला पाचपैकी चार, पुठ्ठ्याला एक. घ्यायचा तर अर्धा किलो घ्या, कारण पावसाळ्यात या गुळाला लवकर पाणी सुटतं. कोरड्या डब्यात, फडक्यात गुंडाळून ठेवा. काकवीची बाटली मात्र घेऊ नका. आमच्या बाटलीचं झाकण उघडताच फेस आला, आंबली होती. पोरीनं काही न बोलता बदलून दिली, दुसरीही तशीच निघाली.