कोटीच्या गाडीला ८७९ रुपयांची प्लेट: कोल्हापुरातली एचएसआरपी सेवा आणि खोट्या नंबरांची ओळख

एचएसआरपी म्हणजे हाय सिक्युरिटी रजिस्ट्रेशन प्लेट, सरकारनं सक्तीची केलेली नंबरप्लेट. तिच्या कोल्हापुरातल्या सेवेला माझे गुण पाचपैकी साडेतीन. प्लेटला साडेचार, बसवण्याच्या कामाला अडीच, आणि मधला आकडा तो हा.

आधी प्लेट. १ मिलिमीटर जाडीचा ॲल्युमिनियमचा पत्रा, त्यावर उजेड परतवणारी फिल्म, आणि नंबर पत्र्यातूनच दाबून वर उचललेला. डाव्या कडेला वर २० बाय २० मिलिमीटरचा अशोकचक्राचा क्रोमियम होलोग्राम, त्याखाली निळ्यात 'आयएनडी' ही तीन अक्षरं, आणि अगदी खाली लेसरनं कोरलेला कायमचा क्रमांक. हा क्रमांक लांबून दिसतच नाही. वाचायला मान तिरकी करून मोबाईलचा टॉर्च आडवा धरावा लागतो. अक्षरांवरची काळी पट्टीही साधी नसते, तिच्यावर बारीक 'इंडिया' ४५ अंशांत तिरकं छापलेलं असतं. अक्षराच्या कडेवरून अंगठ्याचं नख फिरवा. खऱ्या प्लेटवर नख पायरी चढल्यासारखं वर जातं. रेडियमच्या नकलेवर ते सरळ घसरतं, फार तर स्टिकरच्या कडेला अडतं.

एवढ्या सगळ्याचे चारचाकीला ७४५ रुपये अधिक जीएसटी, म्हणजे ८७९ रुपये १० पैसे. दुचाकीला ५३१, तीनचाकीला ५९०. मारुती ८०० असो की एस-क्लास, दर एकच. पुढची प्लेट, मागची प्लेट, काचेवरचा स्टिकर आणि लॉक हे सगळं त्यातच येतं. सेंटरवर 'लॉकचे वेगळे', 'क्लिपचे वेगळे' म्हणून कोणी हात पुढे केला तर पावती मागायची, हात आपोआप मागे जातो. घरी येऊन बसवण्याचं शुल्क मात्र वेगळं असतं आणि ते बुकिंग करतानाच दिसतं.

१ एप्रिल २०१९ नंतरच्या गाड्यांना ही प्लेट शोरूममधूनच येते. त्याआधीच्यांसाठी राज्यानं तीन विभाग करून तीन कंपन्यांना काम दिलं. पहिली मुदत ३१ मार्च २०२५ होती, ती पुढे वाढत गेली. बुकिंग परिवहन खात्याच्या संकेतस्थळावरून सुरू करायचं. गुगलवर वर दिसणारी जाहिरात उघडायची नाही, तसल्याच दिसणाऱ्या खोट्या साइट निघाल्या आहेत. गाडीचा नंबर, चासी नंबरचे शेवटचे पाच आणि इंजिन नंबरचे शेवटचे पाच आकडे-अक्षरं भरायची, ओटीपी, दिवस-वेळ, पैसे, संपलं. अडतं ते एका ठिकाणी: जुन्या नोंदीत टायपिंगच्या चुका असतात. 'माहिती जुळत नाही' आलं की आधी तुमच्या आरसी बुकावर शून्य लिहिलंय की 'ओ', एक लिहिलंय की 'आय' ते पाहा. १७ आकडी-अक्षरी चासी नंबरात 'आय', 'ओ' आणि 'क्यू' ही अक्षरं कधीच वापरत नाहीत, त्यामुळे तिथं ती दिसली तर ती नक्की टायपिस्टची. ती दुरुस्ती ताराबाई पार्कातल्या आरटीओतच होते, सेंटरवाला काही करू शकत नाही.

आता बसवणं, आणि इथेच अडीच गुण गेले.

महागड्या गाडीला प्लेट बसवणं हे स्विफ्टला बसवण्यासारखं काम नाही. युरोपात नेहमीची प्लेट ५२० बाय ११० मिलिमीटरची असते, तिथल्या कंपन्यांच्या बंपरवरची जागा बहुधा त्याच मापानं कोरलेली. आपली प्लेट ५०० बाय १२०. लांबीला २० मिलिमीटर कमी, उंचीला १० जास्त. कडा बाहेर डोकावते, मग बसवणारा पोरगा दोन्ही हातांनी प्लेट बंपरच्या गोलाईवर वाकवतो. लगेच काही दिसत नाही, पण फिल्मला अक्षरांच्या कडेनं केसासारख्या चिरा जातात, पावसाळ्यात त्यात पाणी शिरतं आणि वर्षा-दोन वर्षांत होलोग्राम कोपऱ्यातून उचलतो. मग नाक्यावर खरीच प्लेट खोटी वाटायला लागते! उपाय सोपा आहे: भारतीय मापाचा सपाट प्लास्टिक होल्डर शोरूमच्या पार्ट्स काउंटरवरून आधी आणून ठेवायचा आणि प्लेट त्याच्यावर बसवून घ्यायची. मागच्या डिकीवर जागा चौकोनी असेल तर बुकिंग करताना ३४० बाय २०० चं माप निवडता येतं का ते बघा. एकदा ऑर्डर गेली की माप बदलत नाही.

दुसरी भीती ड्रिलची. नव्या गाड्यांत पुढच्या प्लेटच्या आसपास पार्किंग सेन्सरची वायर, कॅमेरा, कधी रडार असतं. सेंटरवर एकच बिट आणि एकच सवय: भोक पाडायचं. बंपरला भोक पाडू द्यायचं नाही, होल्डरच्या मूळ भोकांतूनच लॉक घालायला लावायचं. प्लेट जागची दोन बोटं खाली सरकवली आणि ती रडारच्या तोंडावर आली, तर डॅशबोर्डवर समोरच्या धडकेची सूचना देणारी यंत्रणा बंद असल्याचा दिवा लागतो आणि मालक सर्व्हिस सेंटरच्या फेऱ्या मारत बसतो.

लॉकचं काम समजून घेतलं तर वाद होत नाहीत. हे स्नॅप लॉक रिव्हेटसारखं आत जातं आणि काढायचं म्हटलं की तुटतं, परत वापरता येत नाही. प्रत्येक प्लेटला किमान दोन. पातळ प्लास्टिकमध्ये मागे वॉशर न घालता ठोकलं तर ते सैल राहतं, प्लेट खडखडते आणि हायवेला एके दिवशी गळून पडते. म्हणून गाडी सेंटरमधून हलवण्याआधी प्लेटच्या चारही कोपऱ्यांना बोटानं दाबून पाहायचं. आणि बसवणाऱ्यानं लॉकऐवजी साधे स्टारचे स्क्रू लावले, तर 'राहू द्या, चालतंय' म्हणू नका. स्क्रूवरची एचएसआरपी म्हणजे दाराला कुलूप लावून किल्ली खिट्टीला अडकवण्यासारखं. ती काढून दुसऱ्या गाडीला लावायला मिनिटही लागत नाही.

काचेवरचा स्टिकर लोक फारच हलक्यात घेतात. १०० बाय ६० मिलिमीटरचा, पुढच्या काचेच्या आतून डाव्या वरच्या कोपऱ्यात. पेट्रोल आणि सीएनजीला फिकट निळा, डिझेलला केशरी, बीएस-६ असेल तर वर हिरवी पट्टी. त्याच्यावर गाडीचा नंबर, आरटीओ, प्लेटवरचे लेसर क्रमांक, इंजिन आणि चासी नंबर, थोडक्यात आरसी बुकच चिकटवलेलं. ओढून काढला की तो फाटतो, तसाच बनवलाय. त्यामुळे काच बदलली की नवा स्टिकर घ्यावा लागतो. काचवाला हे सांगत नाही. सन फिल्मची पट्टी त्याच्यावर येऊ देऊ नका.

ज्यानं गाडीला खोटा नंबर लावलाय त्याच्या काचेवर बहुतेक वेळा हा स्टिकर नसतोच. प्लेटची नक्कल रेडियमवाला करून देतो, पण स्टिकरवर चासी नंबर लिहायचा कुठला, हा प्रश्न त्याला सुटत नाही.

कोल्हापुरात नंबरप्लेटचा शौक जुना. ४१४१ देवनागरीत वळवून 'दादा', २१४ चं 'राम', ८०५५ चं 'बॉस' हे प्रकार बघत शहर मोठं झालं. तेही नियमाबाहेरच (चारचाकीवर अक्षर ६५ मिलिमीटर उंच, १० मिलिमीटर जाड, तेही इंग्रजी अक्षरं आणि आकड्यांतच), पण तो मिरवण्याचा मामला. लाखो रुपये वाचवायला नंबरच दुसऱ्याचा लावणं ही वेगळी गोष्ट.

वाचतं किती ते बघा. महाराष्ट्रात वैयक्तिक नावावरच्या २० लाखांवरच्या पेट्रोल गाडीला एकरकमी कर १३ टक्के, डिझेलला १५ टक्के, कंपनीच्या नावावर किंवा आयात केलेली असेल तर २० टक्के. ८० लाखांची डिझेल गाडी घेतली की १२ लाख नुसता कर. या कराची वरची मर्यादा २० लाख होती, ती १ जुलै २०२५ पासून ३० लाख झाली. पूर्वी लोक पुदुच्चेरीचा पत्ता दाखवून 'पीवाय' पासिंग करायचे. तो नंबर खोटा नसतो. पण दुसऱ्या राज्यातली गाडी इथं १२ महिन्यांवर ठेवली की मोटार वाहन कायद्याच्या कलम ४७ प्रमाणे इथला नंबर आणि इथला कर लागतो. तो भरायचा नाही, आणि 'पीवाय' लावून फिरलं की प्रत्येक नाक्यावर हात दाखवतात, म्हणून काहीजण सरळ 'एमएच ०९' ची प्लेट करून घेतात.

दुसरा रस्ता दिल्लीहून येतो. राष्ट्रीय हरित लवादाच्या २०१५ च्या आदेशानंतर तिथं १० वर्षांवरच्या डिझेल गाड्यांचे भाव पडले, आणि जुन्या ऑडी, बीएमडब्ल्यू ट्रेलरवर चढून इकडे आल्या. गाडी स्वस्त, कागद महाग. तिकडच्या आरटीओची एनओसी म्हणजे फॉर्म २८, इथं नवा नंबर घ्यायला फॉर्म २७, नावावर करायला २९ आणि ३०, कर्ज असेल तर बँकेचा फॉर्म ३५, शिवाय गाडी चोरीची नाही असा एनसीआरबीचा (राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा) अहवाल आणि गाडीच्या वयाप्रमाणे कर. एजंट म्हणतो, 'कागद मागनं येतील, गाडी न्या.' एनओसीची झेरॉक्स असते, मूळ प्रत कधीच येत नाही. दरम्यान गाडीवर कुणाचा तरी नंबर बसतो.

ओळखायचं कसं? एमपरिवहन ॲपवर नंबर टाकला की कंपनी, मॉडेल, इंधन, नोंदणीची तारीख दिसते. समोर मर्सिडीज आणि ॲपवर ॲक्टिव्हा, एवढा आळशी चोर असेल तर काम तिथेच झालं. खरी अडचण जुळ्या नंबराची आहे. त्याच मॉडेलच्या, त्याच रंगाच्या दुसऱ्या गाडीचा नंबर लावला तर ॲप सगळं बरोबर दाखवतं. तिथं ॲपवर विसंबायचं नाही, हातानं बघायचं. पुढच्या प्लेटचा लेसर क्रमांक, मागच्या प्लेटचा लेसर क्रमांक (दोन्ही वेगळे असतात) आणि काचेवरच्या स्टिकरवरचे दोन, हे चारही जुळवायचे. मग स्टिकरवरचा चासी नंबर आणि गाडीवरचा: काचेखाली डॅशबोर्डच्या कडेला, दाराच्या खांबावर, बॉनेटखाली. शेवटी तोच आरसीवर. दहा मिनिटं लागतात. जुनी लक्झरी गाडी घेताना विकणारा या दहा मिनिटांत चहा मागवतो, घाई करतो की फोनवर बोलायला लांब जातो, यावरूनही बरंच कळतं.

पकडल्यावर दंड किती, असं विचारणारे पुष्कळ. नोंदणीशिवाय गाडी चालवली तर कलम १९२ खाली पहिल्यांदा २,००० ते ५,००० रुपये, पुन्हा केलं तर १०,००० पर्यंत किंवा एक वर्षापर्यंत कैद. पण दुसऱ्याचा नंबर लावला की फसवणूक आणि बनावटीचा गुन्हा येतो, तिथं पावती फाडून सुटका नाही. विम्याचंही तेच. अपघातानंतर सर्व्हेअर पहिल्यांदा चासी नंबरावर कागद ठेवून पेन्सिल घासतो. तो पॉलिसीशी जुळला नाही तर फाइल तिथंच मिटते.

आणि ज्याचा नंबर चोरला गेलाय त्याचं काय? गाडी राजारामपुरीत दारात उभी, आणि ई-चलन पुण्यातल्या वेगाचं. अशा वेळी चलनातला फोटो मोठा करून बघा: अलॉय व्हीलची नक्षी, बंपरवरचा ओरखडा, स्टिकर आहे का, अक्षरांची जाडी. त्या दिवसाचं फास्टॅगचं स्टेटमेंट काढा. पुण्याला गेला असता तर किणीचा टोल त्यात दिसला असता, बेळगावकडे गेला असता तर कोगनोळीचा. हे दोन्ही जोडून महाट्रॅफिकच्या ई-चलन पोर्टलवर तक्रार करा, पोलिस ठाण्यात लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच आरटीओला. चलन भरून टाकू नका. भरलं म्हणजे गाडी तुमचीच होती असं झालं. इथं एचएसआरपीचा खरा उपयोग होतो. तुमच्या दोन्ही प्लेटचे लेसर क्रमांक सरकारच्या 'वाहन' नावाच्या संगणक प्रणालीत चढलेले असतात, त्यामुळे दुसरी गाडी सापडली की खरी कुठली यावर वाद राहत नाही. म्हणून बसवल्यावर आठवडाभरात ते चढलेत का याची खात्री करा. सेंटरनं गाडीचा फोटो काढला, पण नोंद केलीच नाही, असंही होतं.

प्लेट चोरीला गेली किंवा पडली तर आधी पोलिसांत तक्रार, मग त्या प्रतीसह एकाच प्लेटचं नवं बुकिंग. दोन्ही बदलायची गरज नसते. रेडियमवाल्याकडून तात्पुरती करून घेऊ नका, तात्पुरतीची वर्षं होतात.

शेवटचं काम सेंटरवर उभं असतानाच करायचं. नवी बसली की जुनी प्लेट तिथल्या ढिगात पडते आणि मालक निघून जातो. त्या ढिगात चालू गाड्यांचे खरे नंबर असतात. आपली जुनी प्लेट मागून घ्या आणि नंबराच्या मधोमध कापा. पत्रा कापायची कात्री लागते, साधीनं होत नाही. उद्यमनगरात कुठल्याही फॅब्रिकेशनवाल्याकडे मिळेल.