जुनं एचएमटी जनता की सिको ५?

भाचा पहिल्या पगारातून मेकॅनिकल घड्याळ घेतोय आणि रोज मला फोन, मामा यातलं कोणतं. दोन्हीत सेल नाही, स्प्रिंगवरच चालतात. जनताला रोज सकाळी चावी द्यायची, चहा उकळेपर्यंत होतं काम, चावी घट्ट लागली की थांबायचं, जोर करायचा नाही. सिको हाताच्या हालचालीनेच भरतं पण दोन दिवस कपाटात राहिलं की बंद.

टाइमचं म्हणशील तर जनताचे तासाला १८,००० ठोके, म्हणजे आतली टिकटिक, सिकोचे २१,६००, तरी दोन्ही दिवसाला थोडे मागेपुढे होणारच, सेकंदाचा हिशोब हवा तर सेलवरचं क्वार्ट्झ घे बाबा. पावसात जनता नकोच.

किंमतीत जनता स्वस्त, पण एचएमटीची जुनी घड्याळ कंपनी २०१६ मध्येच बंद झाली, त्यामुळे बाजारात डायल नव्याने रंगवलेले बरेच. मी फसलोय एकदा, डायलवरची अक्षरं जाड, फुगलेली, मागचं झाकण उघडलं तर आत मशीन भलतंच!

रोज लोकलने जाणार, भिजणार, तर सिको घे. ओळखीचा घड्याळवाला असेल आणि सकाळी चावी देत बसायची हौस असेल तरच जनता.