ओहायोतलं हरीण आणि माझा पाच हजारांचा लॉट

नाशिकच्या अंबड एमआयडीसीत माझं छोटं वर्कशॉप आहे. संगणकावर चालणारी तीन मशिनं (दोन सीएनसी लेथ, एक व्हीएमसी), सात माणसं. हिशेब बायको बघते. गेल्या वर्षी निर्यातदार म्हणवणाऱ्या एका माणसाने माझे ७ लाख ७५ हजार बुडवले, आणि त्याआधी चाचणीच्या नावाखाली ६० हजार काढून नेले. हीच युक्ती अंबड-सातपूरमधल्या कुठल्याही जॉबवर्कवाल्यावर (दुसऱ्याच्या ऑर्डरवर भाग बनवून देणाऱ्यावर) चालेल, म्हणून नीट लिहितोय.

एप्रिलमध्ये गाड्यांच्या कंपन्यांकडून येणारं काम निम्म्यावर आलं होतं. मशिन उभं ठेवून बँकेचा हप्ता भरणं म्हणजे काय, हे ज्याने भरलाय त्यालाच कळतं. तेव्हा हा माणूस एका टूल-सप्लायरच्या ओळखीने आला. त्याने टेबलावर बाणाचं एक टोक ठेवलं. अमेरिकेत परवाना घेऊन, ठरलेल्या हंगामात लोक धनुष्यबाणाने हरणाची शिकार करतात. त्या बाणाच्या टोकाला ब्रॉडहेड म्हणतात. जुन्या प्रकारात पाती पक्की बसवलेली असतात. हा मेकॅनिकल प्रकार होता : पाती मिटलेली, रबराच्या बारीक कडीने धरून ठेवलेली. बाण लागला की कडी सुटते आणि पाती छत्रीसारखी उघडतात. मिटलेलं असताना बोटाएवढं, उघडल्यावर दोन इंच.

घरी सांगितलं तेव्हा वडिलांना ते आवडलं नाही. आमच्याच जिल्ह्यात, येवल्याजवळ ममदापूरला काळविटांचं राखीव क्षेत्र आहे. १९७२च्या वन्यजीव कायद्याने इथे काळवीट मारणं हा मोठा गुन्हा. मलाही दोन दिवस चैन पडलं नाही. मग स्वतःची समजूत घातली : तिकडे ते कायदेशीर आहे, आणि पातं नीट उघडलं तर जनावर लवकर जातं, तडफडत नाही. काम करायचंच तर चोख करायचं. ही समजूत इथे मुद्दाम लिहितोय, कारण पुढे तिच्याच आधारे मला गप्प बसवलं गेलं.

काम नाजूक होतं आणि मला ते मनापासून आवडलं. आटे ८-३२चे, म्हणजे अमेरिकन मापाचे. आपल्याकडच्या मिलिमीटरमधल्या एम-४ला ते इतके जवळचे की पहिले दहा नग सेटरने एम-४च्या डायनेच काढले. बाणात दोन आटे जाऊन अडकले. आटे बरोबर आहेत का ते तपासायचा गो आणि नो-गो गेज मुंबईहून मागवावा लागला. वजन बरोबर १०० ग्रेन, म्हणजे ६.४८ ग्रॅम. आमचा काटा तेवढं बारीक दाखवत नव्हता, म्हणून सुरुवातीचे नमुने सराफ बाजारात एका ओळखीच्या पेढीवर तोलून आणले. पाती ४२० स्टेनलेसची. हार्डनिंग, म्हणजे तापवून कठीण करणं, जास्त झालं तर हाडावर तुकडा उडतो, कमी झालं तर वाकतं. पातीच्या धारेसाठी ती धरून ठेवणारं वेगळं फिक्श्चर बनवलं, त्याला १ लाख १० हजार गेले. तो म्हणाला, "दादा, पुढच्या ऑर्डरमध्ये वळते करून देतो."

फक्त कडी तो स्वतः देणार होता. "ती आमची खासियत आहे, बाहेर देत नाही." इथेच मी थांबायला हवं होतं. मेकॅनिकल ब्रॉडहेडचा सगळा भरवसा त्या कडीवर असतो. सैल असली तर धनुष्यातून सुटताना बसणाऱ्या झटक्यानेच पाती उघडतात आणि बाण भरकटतो. घट्ट असली, किंवा रबर जुनं होऊन कडक झालं, तर लागल्यावरही उघडत नाहीत. शिवाय उघडायला बाणाचाच जोर खर्च होतो. हलक्या धनुष्याने मारलं किंवा तिरका बाण लागला तर तो आत जाण्याऐवजी घसरू शकतो. एवढ्या सगळ्यात माझ्या हातात होते ते फक्त आटे, वजन आणि पाती. पण पीओवर, म्हणजे खरेदीच्या ऑर्डरवर, त्याने एक ओळ टाकली होती : 'मालाची स्वीकृती प्रत्यक्ष शिकारीतील कामगिरीवर.' मी ती वाचली आणि सही केली.

ऑर्डर ५,००० नगांची, दर १८५ रुपये. एकूण ९ लाख २५ हजार, जीएसटी वेगळा. अ‍ॅडव्हान्स दीड लाख आला. आठवड्याने त्याने अमेरिकेतल्या चाचणी शुल्काचे म्हणून ६० हजार मागितले, "रिपोर्ट चांगला आला की परत मिळतात." दीड लाख देणारा साठ हजारांसाठी कशाला खोटं बोलेल, असं वाटलं. पैसे पाठवले.

२ सप्टेंबरला माल भिवंडीच्या गोदामात गेला. पोच मिळाली. पेमेंट ३० दिवसांत येणार होतं. ऑक्टोबर गेला, दिवाळीला कामगारांचा बोनस मी बायकोच्या ठेवीतून दिला. २७ नोव्हेंबरला ईमेल आला : ओहायोत नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात चाचणी झाली, दहापैकी चार ब्रॉडहेड उघडलीच नाहीत, जखमी हरणं जंगलात नाहीशी झाली, सगळा लॉट बाद, तिथेच नष्ट केला. सोबत फोटो. एक शिंगांचं हरीण पडलेलं, बाजूला मिटलेल्या पात्यांचा रक्ताळलेला बाण. वरून फोन : "दादा, पार्टी तुमच्याकडून नुकसानभरपाई मागतेय. मीच तुमची बाजू सांभाळून घेतली. आता बिलाचा विषय काढू नका."

मी विषय काढला नाही. पूर्ण तीन आठवडे. माझ्या हातून चुकीचा माल गेला आणि त्यापायी मुकी जनावरं तडफडून मेली, हे माझ्या डोक्यातून जात नव्हतं. रात्री उठून हार्डनिंगचे कागद तपासायचो. वडिलांच्या समोर जायची लाज वाटायची. पैशांचा हिशेब बायकोने काढला, मी नाही.

डिसेंबरात मिशिगनला असलेल्या भाच्याचा फोन आला, तेव्हा बोलता बोलता सगळं बाहेर पडलं. तो म्हणाला, "मामा, फोटो पाठव. माझ्या ऑफिसात एक जण दरवर्षी धनुष्याने शिकार करतो." दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. त्या माणसाने फोटो पाहताक्षणीच सांगितलं होतं की हा नोव्हेंबरचा फोटो नाही. तिथल्या पांढऱ्या शेपटीच्या हरणाची शिंगं दरवर्षी गळतात आणि नवी येतात. वाढीच्या काळात, म्हणजे उन्हाळ्यात, त्यांवर मखमलीसारखी लव असते. सप्टेंबरच्या मध्यापर्यंत ती बहुतेक घासून निघालेली असते. अंगावरचा उन्हाळी तांबूस रंगही जाऊन थंडीचा करडा येतो. फोटोतल्या हरणाच्या शिंगांवर लव होती आणि अंग तांबूस होतं. म्हणजे ते हरीण पडलं तेव्हा माझा माल अमेरिकेत पोचलाच नव्हता.

भाच्याने आणखी एक गोष्ट शोधून दिली. मेरीलँडमधल्या इंडियन हेड या नौदलाच्या तळावर धनुष्याने मारलेल्या हरणांच्या वर्षानुवर्षं नोंदी ठेवल्या आहेत. पक्क्या पात्यांनी लागलेल्या शंभर हरणांमागे साधारण ८२ हाती लागली, मेकॅनिकलने लागलेल्यांपैकी साधारण ९१. त्यावरून माझा लॉट चांगला ठरतो असं मी म्हणत नाही. ती हेड वेगळी, ती माणसं सरावातली. पण 'हा प्रकारच बेभरवशाचा' हे जे त्या निर्यातदाराने मला फोनवर ऐकवलं होतं, ते खरं नव्हतं.

माझ्याकडे दोनशेच्या वर नग शिल्लक होते. गंगापूर रोडकडे कंपाउंड (चाकं लावलेलं) धनुष्य शिकवणाऱ्या एका ओळखीच्या कोचला विनंती केली. मोकळ्या जागेत, मागे मातीचा बांध धरून, ओल्या रद्दीच्या थप्पीवर ताणून बसवलेल्या चामड्यावर त्यांनी सरळ चोवीस बाण मारले. बावीस पूर्ण उघडले. एकाचं एक पातं अडकलं, एक मिटलेलंच राहिलं. त्या दोन्हींच्या कड्या नखाने दाबून पाहिल्या तर कडक, चिवटपणा गेलेला. कड्या त्या निर्यातदाराच्या होत्या.

जानेवारीत सातपूरला हार्डनिंगवाल्याकडे बसलो होतो. शेजारी एक वर्कशॉपवाले भाऊ आपली व्यथा सांगत होते : निर्यातीची ऑर्डर, थोडा अ‍ॅडव्हान्स, चाचणी शुल्क, मग बाद झालेला लॉट. मी मोबाइल पुढे केला. त्यांनीही त्यांचा काढला. दोन्हींवर तेच हरीण होतं, तोच बाण. त्यांच्या रिपोर्टवरची तारीख माझ्याआधीच्या वर्षाची होती. दीड लाखातून साठ हजार वजा केले तर माझे पाच हजार नग त्याला नव्वद हजारांत पडले, नगाला अठरा रुपये.

आता कामाचं सांगतो. माझी उद्यम नोंदणी, म्हणजे लघुउद्योगाची सरकारी नोंदणी, आहे. लघुउद्योगांसाठीच्या २००६च्या एमएसएमईडी कायद्यानुसार माल मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत आली नाही तर माल स्वीकारला असं धरलं जातं. निर्यातदाराची हरकत ८६व्या दिवशी आली. पेमेंटची मुदत कागदावर काहीही लिहा, ४५ दिवसांपलीकडे जात नाही. पुढे रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दर महिन्याच्या चक्रवाढीने व्याज लागतं. तक्रार ऑनलाइन करता येते, ती सुविधा परिषदेकडे, म्हणजे लघुउद्योगांच्या थकलेल्या बिलांचे वाद बघणाऱ्या सरकारी मंडळाकडे जाते. मी केली आहे. वकील म्हणतात बाजू भक्कम आहे, पण पीओवरच्या त्या एका ओळीवर समोरचा वकील बोट ठेवणार. बिलातला जीएसटी मी पुढच्या महिन्याच्या २० तारखेला खिशातून भरला होता. पैसे येवोत न येवोत, तो भरावाच लागतो.

जे तपासायला फुकट होतं ते मी तपासलं नाही. जीएसटी पोर्टलवर नंबर टाकला असता तर नोंदणी किती जुनी ते दिसलं असतं. मी टाकला तेव्हा ती रद्द झालेली होती. आयात-निर्यात कोड डीजीएफटीच्या (केंद्राच्या परदेशी व्यापार खात्याच्या) साइटवर पाहता येतो. 'अमेरिकेला गेला' म्हणणाऱ्याकडे शिपिंग बिलाचा, म्हणजे निर्यातीच्या कस्टम्सच्या कागदाचा, नंबर मागा. माझ्या निर्यातदाराने तो आजवर दिलेला नाही.

आणि स्वीकृतीची अट आपल्या टेबलावर मोजता येईल अशीच लिहून घ्या. या कामात ती अशी हवी होती : गेजने आटे पास, वजन १०० ग्रेनला अधिक-उणे एक, कठीणपणा इतका ते इतका, आणि फोर्स गेजवर (जोर मोजायच्या उपकरणावर) दाबलं की पाती ठरलेल्या जोरात उघडली पाहिजेत. कडी गिऱ्हाइकाची असेल तर तिची जबाबदारीही त्याच्याच नावाने. समुद्रापलीकडच्या जंगलात कुणा अनोळखी माणसाने, कुठल्या धनुष्याने, कोणत्या कोनातून बाण मारला, त्यावर आपलं बिल टांगून ठेवू नका.

सातपूरच्या भाऊंनी आणि मी मिळून पोलिसांत अर्ज दिला आहे, दोन्ही रिपोर्ट आणि तो फोटो जोडून. उरलेले नग पुराव्यासाठी सीलबंद खोक्यात ठेवलेत. पहिल्यांदा चुकलेले एम-४चे दहा नगही त्यातच आहेत, वकिलांनी काहीच फेकू नका म्हटलंय. सुविधा परिषदेची पहिली तारीख पुढच्या महिन्यात आहे.