आठ महिने वापरल्यावर: कॅमेरा माझा, ओनर दुसराच

होळीच्या आधी मनीषनगरच्या घरी ओसरीत, फाटकाकडे तोंड करून, फिरणारा वायफाय कॅमेरा बसवला. सोबत डोअरबेल आणि कूलरसाठी स्मार्ट प्लग. आता दिवाळीही झाली. चित्र रात्री साफ दिसतं, ४५ डिग्रीतही कॅमेरा बंद पडला नाही. आणि ऑफिसातून निघताना मोबाइलवर कूलर लावायचं सुख नागपूरकरांना वेगळं सांगायला नको.

तक्रार वेगळी आहे. मे महिन्यात एका रात्री आईने हाक मारली, "अरे, हा कॅमेरा आपल्या आपणच फिरून राहिला!" तोंड फाटकाकडून थेट तिच्या खाटेकडे. ॲप धुंडाळल्यावर कळलं की मी नुसता 'शेअर्ड युजर'. ओनरच्या जागी बसवून देणाऱ्याचा नंबर! त्याने घाईत स्वतःच्याच मोबाइलवर रजिस्टर करून मला शेअर केलं होतं. मी पासवर्ड कडक ठेवून निवांत; पण तो माझ्या खात्याचा, कॅमेऱ्याची किल्ली त्याच्याकडेच.

फोन केला तर म्हणे, "काहून टेन्शन घेता भाऊ, सर्व्हिसला सोपं पडते." त्या रात्री कोणी फिरवला, ते शेवटपर्यंत कळलं नाही. रीसेटचं बटण दाबलं, तरी ॲप म्हणे, दुसऱ्या खात्याला जोडलेलं आहे. बर्डीच्या बाजारात त्याच्याकडे दोन चकरा मारल्या, समोर उभं राहून त्याच्या ॲपमधून तिन्ही वस्तू काढायला लावल्या, मग माझ्या नावावर आल्या.

मग राउटरही उघडला. तिथे ॲडमिनचा पासवर्ड डब्यातून आला तोच. २०१६ मध्ये मिराई नावाच्या व्हायरसने असले साठेक ठरलेले पासवर्ड लावून लाखो कॅमेरे-राउटर ताब्यात घेतले होते, म्हणून तो आधी बदलला. यूपीएनपी, म्हणजे वस्तूंना राउटरमधून बाहेरचा रस्ता आपोआप उघडू देणारी सोय, बंद केलं, टू-स्टेप (पासवर्डनंतर कोडही मागणारं लॉगिन) लावलं, तिन्ही वस्तू गेस्ट वायफायवर, म्हणजे घरच्या मोबाइल-लॅपटॉपपासून वेगळ्या नेटवर्कवर, टाकल्या. प्लगला २.४ गीगाहर्ट्झचं वायफायच चालतं. गेस्टवर ते सुरू नव्हतं, त्यात एक अख्खा रविवार गेला.

९ एप्रिल २०२५ पासून सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना सुरक्षा चाचणी सक्तीची झाली, हे चांगलंच. पण चाचणी कॅमेऱ्याची होते, बसवणाऱ्याची नाही. म्हणून तो पायऱ्या उतरायच्या आत ॲपमध्ये ओनर कोण ते बघा. शेजारच्या काकांचं उघडून पाहिलं, तिथेही तोच नंबर.

कॅमेरा चांगला आहे, परत घेईन. आई मात्र अजूनही त्याच्यावर दुपट्टा टाकूनच खाटेवर पडते.